युरेनियम 'जळतं' म्हणजे नेमकं काय होतं? बंडल तेवढंच जड बाहेर येतं, मग एनर्जी आली कुठून?

प्रश्न असा आलाय: "सर, मी डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहे. कोळसा जळाला की राख उरते. पण न्यूक्लियर प्लांटमधून वापरलेलं इंधन बाहेर काढतात तेव्हा त्याचं वजन जवळपास तेवढंच असतं असं वाचलं. मग जळालं काय? आणि ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअरने युरेनियम एनर्जीत बदलतं ना, मग ते बाहेर कसं काय येतं?"

फार चांगला प्रश्न आहे. मी जवळजवळ तीस वर्षं जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम असलेलं पाणी) रिॲक्टरवर काढली, त्यातली बरीचशी फ्युएल हँडलिंगला, म्हणजे नवीन बंडल आत घालायची आणि वापरलेली बाहेर काढायची हेच काम, आणि खरं सांगतो, आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरांपैकी निम्म्यांच्या डोक्यात हाच गोंधळ असायचा. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, घाई असेल तर नंतर वाच पण पूर्ण वाच.

आधी बंडल म्हणजे काय ते डोळ्यासमोर आण. २२० मेगावॅट वीज देणाऱ्या आपल्या रिॲक्टरमध्ये जे बंडल जातं ते साधारण अर्धा मीटर लांब, ८ सेंटिमीटर व्यासाचं, झिरकॅलॉय नावाच्या मिश्रधातूच्या १९ नळ्या एकत्र बांधलेली मोळीच म्हण. प्रत्येक नळीत युरेनियम ऑक्साइडच्या काळ्या गोळ्या, पेलेट म्हणतो आम्ही, एकामागे एक ठासून भरलेल्या. हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ही तयार होतात. नवीन बंडल हातमोजे घालून दोन्ही हातांनी उचलता येतं, साडेसोळा किलोच्या आसपास वजन, त्यात निव्वळ युरेनियम साडेतेरा किलोला थोडं कमी. आकाराच्या मानाने इतकं जड की पहिल्यांदा उचलणारा माणूस हमखास चपापतो. गरम नसतं, चमकत नसतं, काहीच करत नसतं, नुसता लोखंडासारखा गप्प पडलेला ऐवज.

अशी ३६७२ बंडलं एका रिॲक्टरमध्ये असतात, ३०६ चॅनेल, म्हणजे आडवे पाइप, आणि प्रत्येकात १२. फुल पॉवरवर चालत असताना रोज साधारण आठ-नऊ बदलायची, तेही रिॲक्टर बंद न करता, दोन्ही टोकांना दोन फ्युएलिंग मशीन येऊन चॅनेलला जोडली जातात आणि एकीकडून नवीन ढकललं की दुसरीकडून जुनं बाहेर. कर्नाटकातला कैगा १ रिॲक्टर जो ९६२ दिवस सलग चालला, ३१ डिसेंबर २०१८ ला थांबवला, तो ह्याच सोयीमुळे शक्य झाला. आता तेवढ्याच मेगावॅटला कोळसा किती लागला असता, तर विजेच्या एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम धर, दिवसाला साडेतीन-पावणेचार हजार टन होतो, म्हणजे एक अख्खी मालगाडी. रोज. आणि इकडे दीडशे किलोच्या आत काम संपलं.

आता वजनाचा हिशोब करू, कारण तुझा प्रश्न तिथेच आहे.

एक बंडल आत सरासरी सव्वा वर्ष वगैरे राहतं, जागेप्रमाणे कमीजास्त, आणि तेवढ्यात साधारण ९० मेगावॅट-दिवस (एक मेगावॅट दिवसभर म्हणजे एक मेगावॅट-दिवस) एवढी उष्णता देऊन बाहेर येतं. साडेतेरा किलो युरेनियमपैकी प्रत्यक्ष फुटलेले अणू किती, तर जेमतेम ९५ ग्रॅम. बाकीचं सगळं आहे तसं, किंवा थोडं रूप बदलून, तिथेच बसलेलं. आणि हे जे ९५ ग्रॅम फुटले ते तरी कुठे गेले? त्यांचे तुकडे त्याच सीलबंद नळीत आहेत. मग खरंच कमी काय झालं, तर ९० मेगावॅट-दिवसाला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भाग, उत्तर येतं साधारण ८६ मिलिग्रॅम. तांदळाचे तीन-चार दाणे. साडेसोळा किलोत तीन-चार तांदूळ कमी झाले तर कुठल्या काट्यावर कळणार आहे?

आणि आता जे सांगतो ते नीट वाच कारण हे बऱ्याच पुस्तकांत नीट सांगत नाहीत. तेवढीच उष्णता मिळवायला आपला देशी कोळसा साडेचारशे टनांच्या आसपास जाळावा लागतो. त्या कोळशाचं आणि त्याने घेतलेल्या ऑक्सिजनचं वजन आधी कर, मग राख, धूर, चिमणीतून गेलेला सगळा कार्बन डायऑक्साइड गोळा करून परत वजन कर. किती कमी भरेल? तेच ८६ मिलिग्रॅम. बरोबर तेवढेच, कारण एमसी स्क्वेअर हा नियम फक्त युरेनियमसाठी नाहीये, काडी पेटवली तरी लागू आहे, चहा थंड झाला तरी लागू आहे. कोळशात ते साडेचारशे टनांत विखुरलेलं असतं म्हणून कुणाला दिसत नाही एवढंच. त्यामुळे "न्यूक्लियरमध्ये वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर होतं आणि कोळशात नाही होत" हे वाक्य डोक्यातून काढून टाक. वस्तुमान कमी होणं हा ऊर्जा बाहेर गेल्याचा हिशोब आहे, ऊर्जेचं कारण नाही. कारण वेगळंच आहे.

कारण समजायला कोयनेचं उदाहरण घे. शिवसागरचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि कोकणात वाशिष्ठीला जाऊन मिळतं. पाणी खर्च झालं का? एक थेंब नाही. पाणी तेवढंच, फक्त वर होतं ते खाली गेलं. वीज आली ती उंचीच्या फरकातून. न्यूक्लियसमध्ये हुबेहूब हेच होतं. युरेनियमच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन घुसला की प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून २३६ नग होतात, मग ते फुटून समजा बेरियम १४१ आणि क्रिप्टॉन ९२ झाले आणि ३ न्यूट्रॉन मोकळे सुटले, करून बघ बेरीज, परत २३६. एकही नग जळाला नाही, एकही हरवला नाही. फक्त आधी ते ढिले बांधलेले होते, आता घट्ट बांधलेले आहेत, म्हणजे "खाली" गेलेत. युरेनियममध्ये प्रत्येक नगामागे बांधणी साधारण ७.६ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं छोटं माप) आहे आणि त्या मधल्या आकाराच्या तुकड्यांत साडेआठच्या आसपास, फरक ०.९ धर आणि २३५ ने गुण, दोनशेच्या वर आकडा येतो. एका अणूमागे २०० मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट. कोळशाचा एक कार्बन अणू ऑक्सिजनशी जुळताना देतो फक्त ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, मिलियन वगैरे काही नाही, नुसते चार. कारण तिथे खेळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा आहे, केंद्रकाला पत्ताही लागत नाही की बाहेर काही जळलं. अणूमागे पाच कोटी पट फरक आहे, आणि युरेनियमचा अणू कार्बनपेक्षा वीसेक पट जड म्हणून किलोला किलो लावलं तर २५ लाख पट. पण हा आकडा शुद्ध युरेनियम २३५, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून २३५ नग असलेलं, पूर्ण फुटलं तर. आमच्या बंडलच्या हिशोबात किलोमागे तीस-पस्तीस हजार पटच पडतात कारण बहुतेक युरेनियम फुटतच नाही, त्यावर पुढे येतो.

मग युरेनियम वर का बसलंय, म्हणजे एवढं ढिलं का? केंद्रकात दोन जोर एकमेकांविरुद्ध चाललेले असतात. एक चिकटवणारा, प्रचंड ताकदवान पण त्याचा हात आखूड, फक्त शेजाऱ्याला धरतो. दुसरा प्रोटॉन-प्रोटॉनमधला विजेचा ढकलणारा, तसा कमी ताकदीचा पण त्याचा हात लांब, ९२ पैकी प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या ९१ ला ढकलत असतो. केंद्रक मोठं होत जातं तसे धरणारे शेजारी तेवढेच राहतात पण ढकलणारे वाढत जातात. पावसात अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब बघितला असशील, छोटा असेल तर गोल घट्ट बसतो, मोठा झाला की पान हललं तरी लांबतो, मध्ये कंबर पडते आणि दोन थेंब होतात. युरेनियमचं केंद्रक म्हणजे असा मोठा झालेला थेंब. न्यूट्रॉन येऊन बसणं म्हणजे पान हलणं.

लोखंडाच्या आसपास ही बांधणी सगळ्यात घट्ट असते, ८.८ च्या जवळ. म्हणजे तो समुद्र समज, त्याच्याखाली पाणी जात नाही. युरेनियम एका घाटावरून खाली उतरतं आणि हायड्रोजन दुसऱ्या घाटावरून, छोटे थेंब एकत्र होऊन. सूर्यात चार हायड्रोजनचं एक हेलियम होतं तेव्हा ०.७ टक्के वस्तुमान कमी होतं, फिशनमध्ये, म्हणजे केंद्रक फुटण्यात, ०.०९ टक्के, म्हणजे हायड्रोजनचा घाट खूपच सरळसोट उंच आहे. फ्युजनचं, म्हणजे असं केंद्रकं जोडण्याचं, एवढं कौतुक त्यामुळेच. पण तिथे दोन प्रोटॉनवाल्या गोष्टी जवळ आणायला कोट्यवधी अंश तापमान लागतं आणि आमच्याकडे न्यूट्रॉनला विजेचा भार नसल्याने तो थंडपणे आत शिरतो, हा मोठा फरक. फ्युजनवर कधीतरी वेगळं लिहीन.

हा २०० चा आकडा पहिल्यांदा कुणी काढला ती गोष्ट मला फार प्रिय आहे. डिसेंबर १९३८, बर्लिनमध्ये ओटो हान आणि स्ट्रासमन युरेनियमवर न्यूट्रॉन मारत होते आणि त्यांना त्यात बेरियम सापडायला लागलं, त्यांना समजेना की एवढ्या मोठ्या अणूतून अर्ध्या आकाराचा अणू कसा निघाला. हानने पत्र लिहिलं लीझे माइटनरला. ती ज्यू घराण्यातली, त्याच वर्षी जुलैत जर्मनीतून जीव वाचवून स्वीडनला आलेली. ख्रिसमसला तिचा भाचा ऑटो फ्रिश तिला भेटायला आला होता. मावशी-भाचा बर्फात फिरायला निघाले, भाच्याच्या पायात स्की, मावशी चालत, आणि वाटेत एका ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर हिशोब मांडला. आधी थेंबाच्या कल्पनेवरून काढलं की दोन तुकडे झाले तर ते विजेच्या जोराने एकमेकांना किती ढकलतील, आलं २०० मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट. मग प्रश्न पडला की एवढी ऊर्जा येणार कुठून. माइटनरला केंद्रकांच्या वस्तुमानाचं सूत्र पाठ होतं, तिने दाखवलं की दोन तुकड्यांचं मिळून वजन मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या साधारण एक पंचमांश एवढं कमी भरतं, आणि एक पंचमांश प्रोटॉन म्हणजे जवळपास २००. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा. १९४४ चं नोबेल एकट्या हानला दिलं गेलं, माइटनरचं नाव त्यात नाही, आणि हे मला आजही खटकतं.

त्या पहिल्या हिशोबात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे बघ. ऊर्जा बाहेर येते ती तुकडे एकमेकांना ढकलून सुसाट पळतात म्हणून. सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेग. पण पळून जातात कुठे? पेलेटमध्येच, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अंतर जाऊन शेजारच्या अणूंना धडकून थांबतात. बस. ती धडकाधडकी म्हणजेच उष्णता. २०० पैकी १६५-१७० तर ह्या तुकड्यांच्या पळण्यातच असते. लोकांना वाटतं रिॲक्टरमध्ये काहीतरी गूढ किरणांनी पाणी उकळतं, तसं नाही, पेलेट आतून तापते, मध्यभागी हजार अंशांच्या वर, आणि जेमतेम सात मिलिमीटर बाहेर आलं की नळीवरून वाहणारं जड पाणी तीनशेच्या आत. पुढे ते जड पाणी स्टीम जनरेटरमध्ये साध्या पाण्याची वाफ करतं आणि मग टर्बाइन वगैरे कोळशाच्या प्लांटसारखंच.

आता ते राहिलेलं, बहुतेक युरेनियम फुटत का नाही. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये, मग ते झारखंडच्या जादुगोडाचं असो की आणखी कुठलं, २३५ वालं फक्त ०.७ टक्के, बाकी २३८. २३५ मध्ये न्यूट्रॉन शिरला की आतल्या एकट्या न्यूट्रॉनशी त्याची जोडी जमते आणि साडेसहा मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टचा धक्का बसतो, कंबर पडून फुटायला साधारण सहा लागतात, म्हणजे नुसता शिरला तरी काम झालं. २३८ मध्ये जोडी जमत नाही, धक्का ४.८ चाच, उंबरठ्यापाशी येऊन अडतो. एवढ्या बारीक फरकावर सगळी इंडस्ट्री उभी आहे. शिवाय न्यूट्रॉन हळू असेल तर २३५ त्याला कित्येक शे पट जास्त सहज पकडतो, म्हणून त्याला हळू करायला पाणी लागतं, आणि साधं पाणी स्वतःच न्यूट्रॉन खातं म्हणून नैसर्गिक युरेनियम वापरायचं तर जड पाणी लागतं. तारापूरची १९६९ ची पहिली दोन युनिट साध्या पाण्यावर चालणारी, म्हणून त्यांना समृद्ध केलेलं, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागतं, आणि शेजारचीच ३ आणि ४ नंबरची ५४० मेगावॅटची जड पाण्यावर, नैसर्गिक युरेनियमवर. एकाच आवारात दोन्ही पद्धती.

दोन अब्ज वर्षांपूर्वी २३५ चं प्रमाण तीन टक्क्यांच्या वर होतं तेव्हा आफ्रिकेत गॅबनमधल्या ओक्लोला खडकात झिरपलेल्या साध्या पाण्यावर निसर्गाचा स्वतःचा रिॲक्टर चालला होता. १९७२ मध्ये सापडला, तिथल्या युरेनियममध्ये २३५ किंचित कमी भरलं म्हणून.

२३८ अगदी फुकट जातं असंही नाही. ते न्यूट्रॉन गिळून दोन टप्प्यांत प्लुटोनियम २३९ होतं आणि ते २३५ सारखंच फुटतं. बंडल आतमध्ये जुनं होत जातं तसं २३५ कमी होऊन ०.२ टक्क्यांच्या आसपास येतं आणि शेवटी शेवटी जवळपास निम्मी उष्णता हे आतच तयार झालेलं प्लुटोनियम देत असतं. मग बंडल काढायचं कशाला? तर फुटलेल्या तुकड्यांपैकी काही न्यूट्रॉन खाणारे असतात, ते साठत जातात आणि एका अणूतून सुटलेल्या न्यूट्रॉनने पुढचा फोडायचा ही साखळी पुढे ओढायला न्यूट्रॉन कमी पडायला लागतात. चुलीत लाकडं आहेत पण राखेने हवा कोंडली, तसं.

आणि राख म्हणालास ना, ती इथे आहे. ते ९५ ग्रॅम. युरेनियममध्ये न्यूट्रॉनचं प्रमाण जास्त असतं, ते तुकड्यांना तसंच वारशात मिळतं, छोट्या केंद्रकांना एवढे न्यूट्रॉन झेपत नाहीत, म्हणून ते बीटा किरण सोडत सोडत शांत होतात, काही सेकंदांत, काही वर्षांत, सीझियम-स्ट्रॉन्शियमसारखे तर दर तीस वर्षांनी निम्मे होतात. म्हणजे पाणी घाट उतरलं पण शेवटच्या काही पायऱ्या अजून राहिल्यात. रिॲक्टर बंद केला की फिशन थांबतं पण ह्या पायऱ्या उतरणं कुणालाही थांबवता येत नाही. बंद केल्याक्षणी सहा-सात टक्के उष्णता चालूच असते, आमच्या साडेसातशे मेगावॅट उष्णतेच्या रिॲक्टरला म्हणजे ५० मेगावॅट, दुसऱ्या दिवशीही तीन-चार मेगावॅट. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाला भूकंपात रिॲक्टर व्यवस्थित बंद झाले होते, नंतर त्सुनामीने डिझेल जनरेटर गेले आणि ही उरलेली उष्णता काढायला पंप राहिले नाहीत. कोळशाच्या माणसाला हे पटकन पटत नाही कारण त्याची आग विझली की विझली.

म्हणून बाहेर काढलेलं बंडल आम्ही कधीच हातात घेत नाही, डोळ्यांनी थेट बघतही नाही. फ्युएलिंग मशीनमधून ते पाण्याखालून बे मध्ये, म्हणजे वापरलेल्या इंधनाच्या खोल हौदात, जातं, वर अनेक मीटर पाणी, तेच पाणी गारवा आणि तेच भिंत. नव्या पोरांना मी एकदा तरी तिथे न्यायचो आणि दिवे मालवायला लावायचो. ताजं बाहेर आलेलं बंडल खाली निळं चमकत असतं, गॅसच्या ज्योतीपेक्षा गडद निळं, आवाज नाही, बुडबुडा नाही. वर्षभरापूर्वी ह्याच पोरांनी असलंच बंडल हातमोज्यांनी उचलून बघितलेलं असायचं. तेच माप, तीच नळी, वजनाला तीन-चार तांदूळ कमी.

चॅनेल, बर्नअप (इंधनाच्या वजनामागे किती उष्णता काढली) किंवा फ्युएलिंगबद्दल आणखी विचारायचं असेल तर विचार, पण आधी ती बेरियम-क्रिप्टॉनची बेरीज आणि ८६ मिलिग्रॅमचा भागाकार वहीत स्वतः करून बघ. ९० मेगावॅट-दिवसाचे ज्यूल करताना ८६४०० ने गुणायला विसरू नको, तिथेच सगळे चुकतात.